हत्ती पुढं की उंट

नानासाहेबांना देशाची काळजी जेवणानंतर लागायची. पोट भरलं, कामाच्या गंगूबाईनं पानाचा डबा पुढं सरकवला, की ते तक्क्याला टेकून हिंदुस्थानचं सैन्य इकडून तिकडं हलवायला लागायचे. समोर चार रिकामटेकडी मंडळी बसलेली असायची. त्यांना पान फुकट मिळायचं, म्हणून तेही देशाच्या बाजूनं माना डोलवायचे.

"रेल्वे घ्या," नानासाहेब सांगायचे, "आख्ख्या आशियात अशी रेल्वे नाही. इंग्रज गेला, पण रूळ इथंच टाकून गेला. अन् विमानं? डाकोटा आहेत, पॅकेट आहेत, आता रशियाची ती चार इंजिनांची धुडं आली आहेत. जीपच्या जीप पोटात घेतात, भिया. पलटण सकाळी इकडं चहा पिणार आणि दुपारी लडाखात जेवणार. अन् चिनी कशावर येतोय? खेचरावर. सोचो जरा."

आतल्या खोलीत भानुमतीबाई विणत बसलेल्या असायच्या. नवऱ्याचा एकेक शब्द त्यांच्या कानावर पडायचा आणि सुईचा टाका तेवढाच घट्ट बसायचा. ज्या माणसाला सियागंजातून वेळेवर गूळ आणून देता येत नाही, तो लडाखात पलटण जेवायला घालतोय. पंचवीस वर्षं त्या हे ऐकत होत्या. आधी जर्मनांच्या लढाईत नानासाहेबांनी आफ्रिकेत रसद पोचवली होती, मग काश्मिरात, आता नेफात. स्वतः मात्र राजवाड्यापासून छावणीपर्यंत जायचं तरी टांगा दारात लागायचा.

ह्या घराण्याचा मान उंटांचा होता. नानासाहेबांचे पणजोबा होळकरांच्या शुतुरखान्याचे दरोगा होते, म्हणजे संस्थानातल्या सगळ्या उंटांचा कारभार त्यांच्याकडं. फौज निघाली की तंबू, कढया, दारूगोळा, सगळं त्यांच्या उंटांवर. त्या माणसानं खरोखर काम केलं असणार, कारण फौजा पोचल्या तरी होत्या. पुढच्या तीन पिढ्यांनी नुसतं सांगितलं. शेवटचा उंट नानासाहेबांच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत म्हातारा होऊन मेला. मग संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही गेला आणि मध्यप्रदेश झाला, राजधानी उचलून भोपाळला नेली, तरी गल्लीतले लोक नानासाहेबांना दरोगासाहेबच म्हणायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक असतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. नानासाहेब उंटाशिवायच हाकायचे.

पण त्या वर्षी, बासष्ट साली, भानुमतीबाईंना हसू येत नव्हतं. एकुलता एक मुलगा उदयसिंह लेफ्टनंट होता आणि त्याची पलटण पंजाबातल्या मैदानातून उचलून थेट वर, चीनच्या सरहद्दीवर, नेफाच्या डोंगरात टाकली होती. जाताना तो एक दिवस घरी आला होता. निघताना स्टेशनवर आईला हळूच म्हणाला, "आई, बाबांना नको सांगू. वर बर्फ आहे आणि आम्हाला सुती कपडे अन् कॅनव्हासचे बूट दिलेत. रस्ता नाहीच. जे काही मिळेल ते विमानातून टाकतील तेव्हा मिळेल." मग गाडी सुटली. तेव्हापासून त्यांना त्याचा चेहरा आठवायचा नाही, पाय आठवायचे. लहानपणी त्याचे तळवे हिवाळ्यात निळे पडायचे आणि त्या ते मांडीत घेऊन तासन्‌तास चोळत बसायच्या.

म्हणून त्या मोजे विणत होत्या. जाड, दुहेरी लोकरीचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. आणि एकट्याच नव्हे. दिवाळी झाल्यापासून गावातल्या बायका दुपारी त्यांच्याकडं जमत होत्या. स्वेटर, मफलर, कानटोप्या, मोजे यांच्या गाठोड्यांनी माजघर भरून गेलं होतं. ह्या एका कामात नानासाहेबांचा हात नव्हता, त्यामुळं ते झालंही होतं.

नोव्हेंबरात कलेक्टर कचेरीतून निरोप आला, की गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला हवाई दलाचं एक डाकोटा इंदूरच्या विमानतळावर उतरेल. आसामकडं निघालेलं आहे. जागा शिल्लक आहे, तेव्हा जवानांसाठी जमवलेला गरम कपड्यांचा माल तयार असेल तर घेऊन जाईल. अर्धा तास थांबेल, फार तर थोडं जास्त. भानुमतीबाईंनी निरोप ऐकला आणि देवापुढं हात जोडले. वर जायचा एकच रस्ता होता आणि तो आपण होऊन त्यांच्या गावात उतरत होता.

आता माल आदल्या दिवशी विमानतळावर नेऊन ठेवावा, पावती घ्यावी आणि घरी यावं. जवळच्या हातोद गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला एवढं कळलं असतं, तो आपली मेथीसुद्धा आदल्या रात्री मंडीत नेऊन टाकतो. पण इथं समिती होती. अध्यक्ष नानासाहेब आणि उपाध्यक्ष शरदचंद्रराव. ह्या शरदचंद्ररावांचे पूर्वज फीलखान्याचे, म्हणजे हत्तींचे दरोगा. त्यांच्याकडंही हत्ती उरला नव्हता, उरलेला होता तो फक्त उंटांशी दावा.

"माल असा चोरासारखा नाही न्यायचा," नानासाहेब समितीत म्हणाले. "इंदूर आहे हे. राजवाड्यापासून सवारी निघेल. दसऱ्याची निघायची तशी, त्याच रिवाजानं."

"बिलकुल," शरदचंद्रराव म्हणाले. "आणि रिवाजानं म्हणजे पुढं हत्ती."

"पुढं उंट. उंटावर नगारा असतो. नगारा मागून वाजवतात का?"

"निशाण हत्तीवर असतं, नानासाहेब. निशाण मागून नेतात का?"

हे बोलणं तीन बैठका चाललं. त्यात माल, विमान, चीन, काहीच आलं नाही. शेवटी शरदचंद्ररावांनी एका महंताच्या मठातला हत्ती मागवल्याची बातमी आली. ती ऐकून नानासाहेबांचं जेवण गेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हातोदच्या रस्त्यावर डेरा टाकलेल्या उंटपाळ रेबाऱ्यांकडं माणूस धाडून एक उंट ठरवला. घराण्यात कित्येक वर्षांनी उंट आला होता. ते दोनदा जाऊन त्याला बघून आले आणि दोन्ही वेळा डोळे पुसत परतले. मुलगा लढाईवर निघाला त्या दिवशी मात्र ते स्टेशनवर आले नव्हते, डोकं दुखत होतं.

एका गोष्टीवर मात्र दोघा दरोग्यांचं लगेच एकमत झालं. महूच्या बौद्ध महिला मंडळानंही लढाई पेटल्यापासून खपून बराच माल जमवला होता. त्यांच्या घराघरातून माणूस पलटणीत. बाप, आजा, पणजा, सगळे फौजेतले. मंडळाच्या प्रमुख कांताबाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी विचारलं, सवारीत आमचा ट्रक कुठं लावायचा? नानासाहेब आणि शरदचंद्रराव एकमेकांकडं बघत राहिले. मग नानासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ऐसा है, बाई, सवारीचा क्रम जुना आहे. त्यात तुमची जागा कुठं लिहिलेलीच नाही. आम्ही तरी काय करणार? तुम्ही शेवटी या, नाहीतर परस्पर विमानतळावर या."

"परस्पर येतो," कांताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बुधवारी संध्याकाळी त्याच कांताबाई भानुमतीबाईंच्या दारात उभ्या. बाहेर ट्रक होता, त्यांचे यजमान बाबूराव त्यात बसलेले. ते पेन्शनीतले हवालदार, एका ठेकेदाराकडून ट्रक मागून आणला होता. गंगूबाईनं चहा आणला तो काचेच्या कपातून, कोनाड्यातल्या वेगळ्या कपातून. भानुमतीबाईंच्या ते लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि कांताबाईंच्याही लक्षात आलं हे त्यांना दिसलं.

"भानुमतीबाई, सरळ सांगते," कांताबाई म्हणाल्या. गावात सगळे ह्यांना वहिनीसाहेब म्हणायचे, ही बाई नावानं हाक मारायची. "माझा धाकटा भाऊ दगडू तिकडंच आहे, तुमच्या मुलाच्याच भागात. मला झोप येत नाही. आमचा ट्रक अर्धा रिकामा आहे. तुमची सगळी गाठोडी आत्ता त्यात टाकू. आम्ही रात्री भंवरकुआंला ओळखीच्यांकडं थांबणार, उजाडताच विमानतळावर. उद्या तुमचे लोक रिकाम्या पेट्यांची सवारी काढू देत. पेटीत काय आहे ते हत्तीला कुठं कळतंय?"

भानुमतीबाई खळखळून हसल्या. कित्येक दिवसांत त्या हसल्या नव्हत्या. ही बाई त्यांच्याच मनातलं बोलत होती, शब्दनशब्द. ओठांवर आलंच होतं, की घ्या, उचला, गंगू, दार उघड.

आणि तेवढ्यात डोळ्यांपुढं सुहासिनी आली. सुहासिनी म्हणजे शरदचंद्ररावांची बायको. हळदीकुंकवाला ती पान तोंडात धरून काय म्हणेल ते भानुमतीबाईंना स्वच्छ ऐकू आलं. ऐकलं का, दरोग्यांचा माल महूच्या त्या लोकांच्या ट्रकमधून गेला, इतके दिवस वाईट आले म्हणे त्यांचे.

"ह्यांना विचारावं लागेल," भानुमतीबाई म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला एकही गोष्ट विचारलेली नव्हती. साडी घ्यायची असो की मुलाला फौजेत धाडायचं असो, ठरवायच्या त्या आणि नवऱ्याला मागाहून कळायचं. आज विचारावं लागणार होतं.

"निदान मुलाचे मोजे तरी द्या," कांताबाई म्हणाल्या. "नाव, पलटण लिहून द्या. त्याच्याच हातात पडतील असं मी सांगत नाही. पण विमानात तरी चढतील."

"उद्या आणतेच की मी. दहाच्या आत पोचतो आम्ही."

कांताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. चहा अर्धा राहिला होता, तो त्यांनी तसाच ठेवला. "बरं," म्हणाल्या, "पोचा मग." ट्रक गेला. भानुमतीबाई बराच वेळ दारात उभ्या होत्या आणि त्यांना स्वतःचाच राग येत होता, पण त्यांनी तो नेहमीप्रमाणं नानासाहेबांवर काढला.

गुरुवारी सकाळी राजवाड्यासमोर अर्धं इंदूर लोटलं. लोकांना कुठून तरी कळलं होतं की हत्ती आहे. बँड होता, पताका होत्या, पोहे-जलेबीच्या कढईभोवती स्वयंसेवकांची गर्दी होती. माल अर्ध्या ट्रकचा, पण शोभेसाठी ट्रक तीन. पहिल्या ट्रकच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हर रघुवीरच्या शेजारी, दरोगीणबाईंची जागा. हाही म्हणे रिवाज होता. भानुमतीबाई मोज्यांची पिशवी मांडीवर घेऊन तिथं चढून बसल्या. खाली उभ्या असलेल्या सुहासिनीपेक्षा त्या चांगल्या हातभर उंच झाल्या होत्या, आणि ते त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

आठ वाजता निघायचं होतं. आठला हत्ती आला. त्याच्या कपाळावर नक्षी रंगवलेली होती आणि झूल एवढी विटलेली, की महंतांनी कुणाच्या तरी पडद्याची शिवली असावी. शरदचंद्रराव जरीचं पागोटं घालून त्याच्या सोंडेपाशी उभे राहिले. मग उंट आला. त्यानं हत्ती बघितला आणि तो बसला. रेबारी त्याला ओढू लागला, नानासाहेबांनी त्याला पणजोबांच्या नावानं आर्जवं केली, बँडवाल्यानं त्याच्या कानाशी बिगूल वाजवून बघितला. उंट रवंथ करत राहिला. सगळ्या सवारीत निश्चिंत तेवढा तोच.

"उंट बसलाय तर हत्ती पुढं काढा," शरदचंद्रराव म्हणाले.

"काढून बघा," नानासाहेब म्हणाले. "एक पाऊल पुढं टाकलं तर मी इथं आडवा पडेन."

आणि खरोखर ते उपरणं अंथरायला लागले. लोकांनी धरलं. एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं तोड सुचवली की दोन्ही जनावरं जोडीनं चालू द्या. तोड चांगली होती, पण हत्ती उजवीकडं की डावीकडं हे त्यात नव्हतं.

रघुवीर स्टीअरिंगवर हात आपटत होता. तो साधा माळव्यातला माणूस, त्याला ना हत्तीचं पडलेलं ना उंटाचं. "भाभीजी," तो म्हणाला, "आप बोलो तो मैं पिछली गली से निकाल लूँ. आधे घंटे में हवाई अड्डे पर. इनको करने दो जो करना है."

पेट्या पाठीमागं, मोजे मांडीवर, ड्रायव्हर तयार, गल्ली मोकळी. भानुमतीबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. सुहासिनी वर बघत होती. मागच्या गल्लीतनं दरोग्यांचा ट्रक पळाला तर हत्ती जिंकला, एवढं त्या बाईच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं.

"थोडं थांब," भानुमतीबाई म्हणाल्या. "निघतीलच आता."

निघाले ते साडेनऊला, जोडीनं. मल्हारगंजच्या अरुंद रस्त्यात जोडीनं माईना, तेव्हा तिथं पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं. बड्या गणपतीच्या देवळाशी हत्तीला ऊस हवा झाला. बँड थांबत थांबत वाजत होता, बायका गच्चीवरून फुलं टाकत होत्या आणि नानासाहेब उघड्या टांग्यात उभे राहून दोन्ही हातांनी नमस्कार घेत होते. सगळ्या देशाची रसद जणू ह्यांच्या खांद्यावरूनच चालली होती. भानुमतीबाईंना वाटलं, खाली उतरावं आणि ह्या माणसाच्या थोबाडीत द्यावी. त्या उतरल्या मात्र नाहीत.

विमानतळाजवळची बिजासनची टेकडी दिसायला लागली तेव्हा घरघर ऐकू आली. सगळ्यांनी माना वर केल्या. समोरच्या झाडांवरून एक विमान चढलं, जाडजूड, मातकट रंगाचं, आणि एवढं खालून डोक्यावरून गेलं की त्याच्या पोटाची रिव्हेटं दिसली.

"बघा," नानासाहेब टांग्यातूनच ओरडले. "वायुदलाची मानवंदना. आपली सवारी बघायला मुद्दाम फेरी मारतायत." त्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. तिकडं शरदचंद्ररावांनीही ठोकला, तो आधी कुणी ठोकला यावर पुढं वर्षभर वाद चालला. बँडनं चाल बदलली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. विमान वळलं नाही. ते पूर्वेकडं लहान लहान होत गेलं.

"भाभीजी," रघुवीर हळूच म्हणाला, "ये तो जा रहा है."

"हो," भानुमतीबाई म्हणाल्या. "कळलं मला."

विमानतळाच्या फाटकात कांताबाईंचा ट्रक उभा होता, रिकामा. मंडळाच्या बायका सावलीत बसून भाकरी खात होत्या. कांताबाई उठून पुढं आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, असतं तर बरं झालं असतं.

"थांबले होते ते," त्या म्हणाल्या. "पायलट दोनदा फाटकापर्यंत येऊन बघून गेला. आमचा सगळा माल घेतला. बाकी जागा तशीच रिकामी गेली, भानुमतीबाई. अर्धं विमान."

भानुमतीबाई ट्रकमधून खाली उतरल्या. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. तिकडं नानासाहेब विमानतळावरच्या एका कारकुनाला विचारत होते, आम्ही कोण आहोत ते तुला माहीत आहे का, आणि तो कारकून बिचारा हत्तीकडं बघत होता. मग समितीनं ठरवलं, आलोच आहोत तर फोटो काढू. रिकाम्या धावपट्टीपुढं पेट्या रचल्या, एका बाजूला हत्ती, एका बाजूला उंट, मधे दोन दरोगे. गावातल्या छापखान्यातनं निघणाऱ्या एका चिठोऱ्यात तो फोटो आला आणि नानासाहेबांनी तो चौकटीत बसवून बैठकीत लावला.

माल रेल्वेनं धाडायचं ठरलं. आख्ख्या आशियात नाही अशी रेल्वे दारात होती, माल मात्र गोदामात राहिला, कारण पेट्यांवर कुणाचं नाव वर रंगवायचं हे ठरेना. नोव्हेंबर सरायच्या आत लढाई थांबली. मग घाईच उरली नाही. उन्हाळ्यात पेट्या उघडल्या तेव्हा निम्म्या लोकरीला कसर लागलेली होती. पण त्याच्या आधीच, जानेवारीत, उदयसिंह महूच्या लष्करी दवाखान्यात आला.

माघार घेताना तो बर्फातून पायी चालत आला होता. उजव्या पायाची सगळी बोटं कापावी लागली होती, डाव्याची तीन. भानुमतीबाई रोज बसनं महूला जायच्या. त्याला डबा भरवायच्या आणि पांघरुणाखाली पायांपाशी हात नेऊन पुन्हा मागं घ्यायच्या. कांताबाईंचा दगडू पलीकडच्या वॉर्डात होता, हातात गोळी लागलेली, पण सगळा धड. कांताबाई एकदोनदा भेटल्या. विचारपूस केली, संत्री ठेवली आणि गेल्या. तो विषय त्यांनी काढला नाही.

नानासाहेब पहिल्यांदा आले ते समिती घेऊन, हारासकट. हार आधी कुणी घालायचा यावर दारातच कुजबूज सुरू झाली. ती ऐकून भानुमतीबाईंनी बाहेर जाऊन सगळ्यांना हाकललं. हार खिडकीतून बाहेर फेकून दिले. नानासाहेब एकटे आत येऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

"बेटा," ते म्हणाले, "वर विमानं येत होती की नाही?"

"यायची, बाबा," उदयसिंह म्हणाला. "हवा बरी असली की यायची. आम्ही खाली हात शेकत वाट बघायचो. आवाज मोठा यायचा आणि पोती चारच पडायची. आमचे सुभेदार म्हणायचे, साहेब, देशाकडं विमान आहे, पण त्यात घालायला काही नाही. लोकरच नाही तर पाठवतील कुठून? मग आम्हीही म्हणायचो, चला, गरिबाचं घर आहे आपलं, कुणाला बोलायचं? त्यानं बरं वाटायचं. कुणावर राग नसला की थंडी जरा सोसते."

नानासाहेबांनी सुस्कारा टाकला. मान डोलवली. "खरंय, बेटा," ते म्हणाले. "साधनांची कमतरता. शेवटी गरीब देश आहे आपला."

भानुमतीबाई डब्याची झाकणं लावत होत्या. त्यांचे हात थांबले.

"देश गरीब नव्हता," त्या म्हणाल्या. "लोकर होती. माजघर भरून होती, आपल्याच घरात विणलेली. विमानही आलं होतं, आपल्याच गावात, अर्धं रिकामं. हे तेव्हा राजवाड्यासमोर उभे होते. हत्ती पुढं की उंट पुढं, ते ठरत नव्हतं."

नानासाहेब म्हणाले, "अगं, रिवाज—" आणि तेवढ्यावरच राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

उदयसिंह बापाकडं बघत नव्हता. तो आईकडं बघत होता. लहानपणी खोटं पकडल्यावर त्या त्याच्याकडं जसं बघायच्या, तसं.

"आणि तू, आई? तू कुठं होतीस?"

सांगता आलं असतं, की घरी होते. की रडत होते. की बाईमाणसाचं कोण ऐकतं. नानासाहेब तर आशेनंच त्यांच्याकडं बघायला लागले होते.

"मी पहिल्या ट्रकवर बसले होते," भानुमतीबाई म्हणाल्या. "तुझे मोजे मांडीवर होते. ड्रायव्हर म्हणत होता, निघू या. आदल्या संध्याकाळी कांताबाई दारात येऊन मागून गेल्या होत्या. मी दिले नाहीत. ट्रकवर पुढं बसायचा मान होता माझा."

बाहेर ऑर्डर्लीच्या ढकलगाडीचं चाक कुरकुरत गेलं. मग उदयसिंहानं पांघरूण पायांवर नीट ओढून घेतलं, आईचा हात जाईल एवढीही फट न ठेवता, आणि भिंतीकडं तोंड केलं.